फाब्र यांचे वाळूचे ताट आणि आपला कामगंध सापळा

कपाशीत गुलाबी बोंडअळीसाठी लावलेल्या कामगंध सापळ्यात फक्त नर पतंग अडकतात. नर नेमका कशाला भुलतो, हे रसायनाचे नावही माहीत नसताना घरातल्या घरात तपासले ते झाँ-हेन्री फाब्र यांनी.

जन्म १८२३ चा, दक्षिण फ्रान्समधील खेड्यात, गरीब घरात. ते शिक्षक झाले. आविन्यों शहरात फुलातील फलन मुलींना समजावून सांगितले म्हणून गहजब झाला, राहते घरही सोडावे लागले. पुढे पुस्तके लिहून पोट भरले. १८७९ मध्ये, वयाच्या ५५ व्या वर्षी, सेरिन्यां गावात दगडगोट्यांची, काटेरी पडीक जमीन घेतली. आपण जिला माळरान म्हणू तीच त्यांची प्रयोगशाळा.

तिथे मे महिन्यातल्या एका सकाळी मोठ्या मयूर पतंगाची मादी कोषातून निघाली. त्यांनी ती जाळीखाली ठेवली. रात्री नऊच्या सुमारास घरात सुमारे चाळीस नर शिरले! डांबरगोळ्यांचा उग्र वास पसरवला तरी नर यायचे थांबले नाहीत. मादी हवाबंद भांड्यात ठेवली की मात्र एकही येत नसे. पुढे दुसऱ्या जातीच्या पतंगावर आणखी एक प्रयोग केला. मादी काचेखाली, खिडकीशी, समोर दिसेल अशी ठेवली. ती रात्रभर ज्यावर बसली होती ते वाळूचे ताट लांब कोपऱ्यात. नर मादीला ओलांडून थेट ताटावर गेले.

म्हणून सांगतो, एका किडीचे ल्यूर हाताळून त्याच हाताने दुसरे लावू नका. हातमोजे बदला. जुने ल्यूर बांधावर फेकू नका, पुरून टाका.

फाब्र १९१५ मध्ये वारले. डार्विन त्यांच्या निरीक्षणाचे चाहते, पण फाब्र यांनी उत्क्रांती कधी मान्य केली नाही. पुढची गोष्ट इथेच गमतीची आहे. १९५९ मध्ये जर्मनीत बुटेनांट यांनी रेशीमकिड्याच्या सुमारे पाच लाख माद्यांपासून पहिला कामगंध वेगळा केला. नंतर युरोपातील मक्यावरच्या खोडकिडीत दोन वाण आढळले. दोघांचे गंधघटक तेच, प्रमाण मात्र जवळजवळ उलटे. आणि हा फरक मादीच्या गंधग्रंथीतील एका जनुकामुळे पडतो. एका वाणाचा नर दुसऱ्याच्या मादीकडे सहसा फिरकत नाही.

गुलाबी बोंडअळीच्या ल्यूरमध्येही दोन घटक असतात, साधारण समसमान. ल्यूर घेताना पाकिटावर किडीचे नाव आणि मुदत आधी वाचा.