विश्लेषण : जमावापासून सिनेगॉग वाचवणारे बर्लिनचे ठाणेप्रमुख... विल्हेल्म क्रुट्सफेल्ट कोण होते?

दंगलीत हस्तक्षेप करू नका, असा वरून आदेश आला तर पोलिसाने काय करायचे? नोव्हेंबर 1938 मध्ये जर्मनीतील हजारो पोलिसांसमोर हा प्रश्न होता. बहुतेकांनी आदेश पाळला. बर्लिनमधील एका पोलीस ठाण्याने मात्र वेगळी वाट धरली.

त्या रात्री काय घडले?

पॅरिसमध्ये 7 नोव्हेंबर रोजी एका ज्यू तरुणाने जर्मन राजनैतिक अधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्या. 9 नोव्हेंबरला अधिकाऱ्याचा मृत्यू झाला आणि नाझी नेतृत्वाने त्याचे निमित्त करून देशभर ज्यूंविरोधात हिंसाचार घडवून आणला. दुकाने फोडली गेली, 1,400 हून अधिक प्रार्थनास्थळे जाळली किंवा मोडली गेली आणि सुमारे 30 हजार ज्यू पुरुषांना अटक झाली. रस्त्यांवर पडलेल्या काचांच्या खचामुळे ही रात्र ‘क्रिस्टलनाख्त’ म्हणून ओळखली जाते. पोलिसांनी दंगलखोरांना अडवू नये आणि अग्निशमन दलाने फक्त शेजारच्या जर्मन मालमत्तेपुरतेच लक्ष घालावे, अशा सूचना होत्या.

क्रुट्सफेल्ट कोण होते?

विल्हेल्म क्रुट्सफेल्ट यांचा जन्म 1880 मध्ये उत्तर जर्मनीतील होल्स्टाइन भागात झाला. नाझी सत्तेत येण्याच्या कितीतरी आधीपासून ते बर्लिन पोलिसांत होते. 1938 मध्ये हाकेशर मार्क्ट येथील 16 क्रमांकाच्या पोलीस ठाण्याचे ते प्रमुख होते. ओरानियनबुर्गर रस्त्यावरील ‘नोये सिनेगॉग’ याच ठाण्याच्या हद्दीत येत असे. सोनेरी घुमटाचे हे भव्य प्रार्थनास्थळ 1866 मध्ये खुले झाले. त्यात सुमारे 3,200 जणांच्या बसण्याची सोय होती.

सिनेगॉग कसे वाचले?

नाझी पक्षाच्या ‘एसए’ या निमलष्करी दलाच्या लोकांनी इमारतीत शिरून आग लावली. तेव्हा ठाण्यातील अधिकारी ओटो बेलगार्ट तेथे पोहोचले. पिस्तूल रोखून त्यांनी जमावाला बाहेर काढले. ही इमारत कायद्याने संरक्षित वास्तू आहे आणि तिचे रक्षण हे पोलिसांचे काम आहे, हा त्यांचा मुद्दा होता. अग्निशमन दलानेही इथे नुसती बघ्याची भूमिका न घेता आग विझवली. अनेक वर्षे या कृतीचे सगळे श्रेय क्रुट्सफेल्ट यांना दिले जात होते. नंतरच्या संशोधनातून बेलगार्ट यांचे नाव पुढे आले.

मग क्रुट्सफेल्ट यांचे योगदान काय?

ठाणेप्रमुख म्हणून त्यांनी घडल्या प्रकाराची जबाबदारी स्वीकारली. बर्लिनचे पोलीसप्रमुख काउंट हेलडोर्फ यांनी त्यांच्याकडे जाब विचारला. हाताखालच्या अधिकाऱ्यावर सगळे ढकलून मोकळे होणे सोपे होते, पण क्रुट्सफेल्ट यांनी तसे केले नाही. त्यांनी बंडाची भाषाही केली नाही. आपल्या ठाण्याने कायद्याने नेमून दिलेले कर्तव्य बजावले, हीच त्यांची बाजू होती. त्यांना कठोर शिक्षा झाली नाही. युद्धकाळातच ते सेवेतून निवृत्त झाले आणि 1953 मध्ये बर्लिन येथे त्यांचे निधन झाले.

आज त्याचे महत्त्व काय?

या धाडसाला मर्यादा होत्या. इमारत वाचली, पण तिथे प्रार्थनेला येणाऱ्या असंख्य ज्यूंना पुढे छळछावण्यांत मारले गेले. 1943 मध्ये बॉम्बहल्ल्यात इमारतीचेही मोठे नुकसान झाले आणि मुख्य सभागृह 1958 मध्ये पाडण्यात आले. दुरुस्तीनंतर 1995 मध्ये उरलेली वास्तू पुन्हा खुली झाली. तिथे क्रुट्सफेल्ट यांच्या स्मरणार्थ फलक आहे. श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने 1993 मध्ये आपल्या पोलीस प्रशिक्षण शाळेला त्यांचे नाव दिले.

वास्तूला संरक्षण देणारा नियम त्या रात्रीही कागदावर होताच. त्याच्या आधारे उभे राहणारा पोलीस आणि त्याच्या पाठीशी उभा राहणारा वरिष्ठ, हे दोघेही एकाच ठाण्यात होते. सिनेगॉग वाचले ते त्यामुळे.