तुळशीचे पाणी

धरमतरच्या पुलावर उभे राहिले की खाली पाणीच पाणी दिसते आणि त्यातले घोटभरही पिण्याजोगे नसते. अंबा नदी इथे खाडी होऊन समुद्राकडे जाते. पेण तालुक्याचा खारेपाट याच खाडीला टेकून आहे. पावसाळ्यात सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि शिमगा सरला की टँकरपुढे हंड्यांची रांग लागते. याच तालुक्यातल्या गागोदे गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहर भावे जन्मले. पुढे जग त्यांना विनोबा म्हणू लागले.

पाण्याच्या गोष्टीत विनोबा कुठून आले, असे वाचक विचारतील. भूदान आणि गीताई सर्वांना ठाऊक आहेत. मला मात्र आधी त्यांची आई आठवते. तुळशीला पाणी घातले का, हे विचारल्याशिवाय रखुमाबाई विन्याला खायला देत नसत. झाडावरचा फणस पिकला की पहिले गरे शेजाऱ्यांकडे जात. ते वाटायचे काम विन्याचे, आणि घरच्यांची पाळी त्यानंतर.

मग बडोद्याची शाळा आली. १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा तरुण सुरतेलाच उतरला आणि काशीला गेला. त्याच वर्षी त्याला गांधीजी भेटले. १९२१ पासून वर्धा, १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगातली गीता-प्रवचने, १९४० मध्ये पहिल्या वैयक्तिक सत्याग्रहीचा मान. हे सारे पाठ्यपुस्तकांत आहे.

पाठ्यपुस्तकांत सहसा नसते ते १९५० सालचे पवनार. विनोबांनी आश्रमात कांचनमुक्तीचा प्रयोग सुरू केला. पैशावाचून, स्वतःच्या श्रमावर जगायचे. विहीर खणली, भाजीपाला लावला. बैल नकोत म्हणून रहाटाला दांडे बसवले आणि पन्नाशी ओलांडलेले विनोबा तरुणांबरोबर ते फिरवू लागले. ज्याच्या खांद्याने पाणी वर येते, तो ते सांडताना दोनदा विचार करतो. बँकेत असताना विहिरीच्या कर्जाचे किती कागद माझ्या हाताखालून गेले! खोली, पंपाची ताकद, तारण, हप्ते, सगळे रकाने भरलेले. पाणी जपून कसे वापरणार, असा रकाना कधी पाहिला नाही.

शहरात तो रहाट दिसत नाही, नळ तेवढा दिसतो. हेटवणे धरण पेण तालुक्यातच आहे. त्याचे पाणी सिडकोच्या जलवाहिनीने नवी मुंबईत, खारघर-उलव्याकडे जाते, आणि खारेपाटातली गावे त्याच पाण्याची मागणी वर्षानुवर्षे करीत आली आहेत. धरणाचे खाते आमच्या बचत खात्यासारखे. भरणा चार महिने, उचल बारा महिने. पावसाने ओढ दिली की भरणा वाढवणे कोणत्याही इंजिनिअरच्या हाती नसते. हाती राहते ती फक्त उचल. ती घराघरांत वेळीच कमी झाली नाही तर पालिकेला कपात करावी लागते. मुंबईत ३० मे २०२४ पासून पाच टक्के आणि ५ जूनपासून दहा टक्के कपात झाली. कपात कागदावर सर्वांना सारखी असते, पण दाब उतरला की पहिला कोरडा पडतो तो वाहिनीच्या टोकाचा किंवा टेकडीवरच्या वस्तीचा नळ. बादलीभर पाण्यात आंघोळ करणाऱ्या माणसाने आपल्या घरातले पंधरा-वीस लिटर वापरलेले असतात. शॉवरखाली साबण लावेपर्यंत जे वाहून जाते, ते मात्र त्या टेकडीवरच्या घरातले असते.

१८ एप्रिल १९५१ ला तेलंगणात पोचमपल्लीला पहिले भूदान मिळाले आणि विनोबा तेरा वर्षांहून अधिक काळ देशभर पायी हिंडले. लाखो एकर जमीन मिळाली. त्यातली बरीच नापीक निघाली, ही टीका खोटी नाही. पाण्यावाचून जमिनीचे दान अर्धेच, हे त्यांच्याही ध्यानात आले असावे, कारण पुढे ते कूपदानही मागू लागले. विहीर मागणारा साधू आपल्या देशात दुसरा कोणी झाला असेल, असे मला वाटत नाही.

नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला धाम नदीच्या काठी त्यांनी अन्न आणि औषधाबरोबर पाणीही सोडले आणि १५ तारखेला देह ठेवला. गागोद्यात त्यांचे जन्मस्थान जपलेले आहे. पाहायला जायचे तर एप्रिलात जावे, आणि परतताना खारेपाटातून धरमतरकडे यावे. रस्त्याकडेला कळशा दिसतील. टँकर सकाळी आला नसेल तर त्या संध्याकाळीही तिथेच असतील.