जहाजांना वायरलेस देणाऱ्या मार्कोनीची सिस्टिम एका जादूगाराने भर सभेत हॅक केली होती

तारीख ४ जून १९०३. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापक जॉन अ‍ॅम्ब्रोस फ्लेमिंग वायरलेसवर व्याख्यान देत होते. थोड्याच वेळात दूर कॉर्नवॉलमधल्या पोल्डू केंद्रातून गुलियेल्मो मार्कोनीचा संदेश येणार आणि इथलं यंत्र तो सगळ्यांसमोर टिपून घेणार, असा बेत होता.

पण त्याआधीच यंत्र खडखडायला लागलं. मोर्समध्ये एकच शब्द पुन्हा पुन्हा येत होता, उंदीर या अर्थाचा इंग्रजी शब्द. त्यामागोमाग एक टवाळ कविता आली. इटलीहून आलेला एक तरुण लोकांना टोप्या घालतोय, असा तिचा रोख होता. फ्लेमिंगना कमी ऐकू यायचं, त्यामुळे ते बोलतच राहिले. घाम फुटला तो त्यांच्या सहाय्यकाला.

ज्याची ही टिंगल चालली होती तो मार्कोनी तेव्हा अवघा २९ वर्षांचा होता.

त्याचा जन्म १८७४ चा, इटलीतल्या बोलोन्याचा. वडील जमीनदार, आई आयर्लंडच्या जेमसन या व्हिस्कीवाल्या घराण्यातली. विद्यापीठाची पदवी नाही. हर्ट्झच्या लहरींबद्दल वाचून गड्याने घरातच प्रयोग मांडले आणि १८९५ मध्ये टेकडीपलीकडे सिग्नल पोहोचवला. पुढच्या वर्षी आईला घेऊन लंडन गाठलं आणि १८९७ मध्ये कंपनी काढली. डिसेंबर १९०१ मध्ये अटलांटिकपलीकडून आलेला एस या अक्षराचा सिग्नल ऐकल्याचं त्याने जाहीर केलं. त्या वेळी वापरलेल्या डिटेक्टरचं श्रेय जगदीशचंद्र बोस यांना द्यायला हवं, हा वाद आजही मिटलेला नाही.

मार्कोनी संशोधक होता तसाच पक्का धंदेवाईकही होता. जहाजांना तो यंत्र विकत नसे, भाड्याने देई. सोबत ऑपरेटरही स्वतःचाच. प्रतिस्पर्धी कंपनीच्या यंत्राशी बोलायचं नाही, असा या ऑपरेटरना दंडक होता.

१९०० मध्ये त्याने ट्यूनिंगचं ७७७७ क्रमांकाचं पेटंट घेतलं. आपला रिसीव्हर ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर लावलेला असतो, त्यामुळे दुसरं कुणी संदेश चोरून ऐकू शकत नाही, असा त्याचा दावा होता.

तारायंत्राच्या केबल कंपन्यांना हे झोंबलं. त्यातल्या एका कंपनीने नेव्हिल मॅस्केलाइन नावाच्या जादूगाराला कामाला लावलं. जादूच्या प्रयोगांसाठी तो वायरलेस आधीपासूनच वापरायचा. उंच अँटेना उभारून त्याने मार्कोनीचे संदेश आरामात ऐकले. मग त्या व्याख्यानाच्या दिवशी जवळच्याच एका थिएटरमधून साध्या ट्रान्समीटरने घुसखोरीही करून दाखवली.

मार्कोनीची गफलत इथे होती. ट्यूनिंगमुळे आपल्याला हवा तो आवाज वेगळा काढता येतो, पण त्यामुळे दाराला कुलूप लागत नाही. तीच फ्रिक्वेन्सी दुसराही लावू शकतो. आणि जवळून जोरात कुणी गोंगाट केला तर खरा संदेश बुडतो. आज जहाजावरच्या जनरेटरचं तापमान किंवा व्होल्टेज वायरलेस सेन्सरने कळवायचं म्हटलं की हेच प्रश्न पुन्हा येतात. आकडा खऱ्या सेन्सरनेच पाठवलाय का, आणि मधे कुणी सिग्नल जॅम करतंय का? पहिल्यावर एन्क्रिप्शन आणि ओळख तपासणी हा उपाय आहे. जॅमिंगपुढे मात्र तो चालत नाही, तिथे फ्रिक्वेन्सी सतत बदलत राहावी लागते.

फ्लेमिंगनी वर्तमानपत्रात पत्र लिहून संताप काढला. मॅस्केलाइनने आपणच ते केल्याचं उघड कबूल केलं. मार्कोनीचा धंदा मात्र थांबला नाही, कारण जहाजांना गुप्ततेपेक्षा मदतीची गरज जास्त होती. आणि मदत मागताना हाक सगळ्यांना ऐकू जाणं हीच तर सोय!

१९१२ मध्ये ते दिसलं. टायटॅनिकवरचे जॅक फिलिप्स आणि हॅरोल्ड ब्राइड हे मार्कोनी कंपनीचे ऑपरेटर. अपघाताआधी ट्रान्समीटर बंद पडला होता. नियमानुसार दुरुस्तीच्या भानगडीत पडायचं नव्हतं, पण दोघांनी खपून तो चालू केला. जहाज बुडत असताना इंजिनियर खाली डायनॅमो चालवत राहिले, म्हणून वायरलेसला शेवटपर्यंत वीज मिळाली. कार्पेथिया आली आणि ७०० हून अधिक जीव वाचले. फिलिप्स वाचला नाही. खालच्या इंजिनियरपैकी तर एकही परतला नाही.

त्याच वर्षी अमेरिकेने कायदा केला, की जहाजाच्या मुख्य वीजयंत्रणेपासून स्वतंत्र असा किमान चार तासांचा वीजपुरवठा वायरलेससाठी हवाच.

मार्कोनीला १९०९ मध्येच फर्डिनांड ब्राउनसोबत नोबेल मिळालं होतं. पुढे त्याच्या कंपनीने शॉर्टवेव्हचे झोत एकाच दिशेने पाठवणारी बीम यंत्रणा उभी केली. १९२७ मध्ये ब्रिटन-भारत सेवा सुरू झाली, तेव्हा तिचा ट्रान्समीटर पुण्याजवळ खडकीला होता आणि रिसीव्हर दौंडला.

एव्हाना मार्कोनी मुसोलिनीच्या फॅसिस्ट पक्षात गेला होता, १९२३ मध्येच. त्याच्या चरित्रातला हा भाग बहुतेक ठिकाणी गुपचूप गाळला जातो. २० जुलै १९३७ ला रोममध्ये त्याचं निधन झालं. इटलीने सरकारी इतमामात निरोप दिला आणि ब्रिटनमधल्या वायरलेस केंद्रांनी दोन मिनिटं प्रक्षेपण बंद ठेवलं.