रांगेचे गणित मांडणारा मास्तर

टेलिफोनसाठी अर्ज करायचा आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची, हा अनुभव महाराष्ट्रातल्या कितीतरी कुटुंबांनी घेतला. नोंदवलेला ट्रंक कॉल लागेपर्यंत जागलेल्या रात्री आणि एसटीडी बूथबाहेरची रांगही अनेकांना आठवत असेल. या वाट पाहण्यालाही गणित असते, हे नीट मांडून दाखवले ते डेन्मार्कमधल्या एका शाळामास्तराच्या मुलाने. त्याचे नाव आग्नर क्रारुप अर्लांग.

१ जानेवारी १८७८ रोजी लोनबोर्ग या खेड्यात तो जन्मला. घरात पुस्तक एक आणि वाचणारे दोन! भाऊ सरळ वाचत असे, आग्नर समोर बसून तेच पुस्तक उलट्या बाजूने वाची. चौदाव्या वर्षी, वय कमी म्हणून खास परवानगी घेऊन, त्याने विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा उत्तम रीतीने पार केली. मग दोन वर्षे वडिलांच्या शाळेत शिकवले, शिष्यवृत्तीवर कोपनहेगनला गणित शिकला, १९०१ मध्ये पदवी घेतली आणि पुन्हा मास्तरकीच पत्करली.

गणितप्रेमींच्या मंडळात त्याची योहान येन्सेन यांच्याशी ओळख झाली. ते कोपनहेगन टेलिफोन कंपनीचे मुख्य अभियंता. १९०८ मध्ये अर्लांग त्या कंपनीत गेला. तिथला प्रश्न रोकडा होता. तारा कमी टाकल्या तर गिऱ्हाईक चिडणार आणि जास्त टाकल्या तर तांब्यात पैसा बुडणार. मग किती टाकायच्या?

तासाभरात शंभर जण तीन-तीन मिनिटे बोलले, तर तीनशे मिनिटे झाली, म्हणजे पाच तारा तासभर पूर्ण गुंतल्या. पण माणसे ठरवून, पाळीपाळीने फोन करीत नाहीत. म्हणून पाचांऐवजी दहा तारा ठेवल्या, तरी शंभरातले जवळजवळ दोन कॉल परत जातात. अशी दोन गावे एकत्र करून वीस तारा सामाईक ठेवल्या, तर मात्र हजारात जेमतेम दोन कॉल अडतात. तारा तेवढ्याच, बोलणे तेवढेच. केवळ वाटून घेतल्याने हा फरक पडतो. आम्हा बँकवाल्यांना हे लगेच पटते. प्रत्येक खिडकीपुढे वेगळी रांग लावण्यापेक्षा सर्वांना एकच टोकन-क्रम बरा.

१९१७ मध्ये त्याने दोन सूत्रे दिली. तार मोकळी नसेल तर कॉल परतवणाऱ्या व्यवस्थेसाठी एक, आणि त्याला थांबवून ठेवणाऱ्या व्यवस्थेसाठी दुसरे. पुढे एकाच जाळ्यातून आवाज आणि माहिती दोन्ही नेण्याची वेळ आली, तेव्हा हाच भेद कामी आला. बोलण्याला उशीर खपत नाही. एखादा कण गळला तर कान सांभाळून घेतो. बँकेच्या व्यवहाराला क्षणभर थांबणे चालते, पण एक आकडा गळून चालत नाही. म्हणून माहितीच्या पुडक्यांना रांगेत उभे करतात आणि आवाजाला पुढे वाट देतात.

याला तालाचीही जोड लागते. डिजिटल एक्स्चेंज आवाजाचे सेकंदाला आठ हजार नमुने घेते. दोन एक्स्चेंजची घड्याळे जुळली नाहीत, तर मधूनच एखादा नमुना गळतो किंवा दुबार येतो. बोलण्यात नुसती टिचकी ऐकू येते, पण फॅक्सचे पान बिघडते. आमच्या सांगवीजवळ दापोडीवरून तुकोबांची पालखी जाते. दिंडीत टाळ चुकला की पावलेही चुकतात, तसेच हे.

अर्लांगने लग्न केले नाही. त्याचा पैसा पुस्तकांवर आणि गरजूंवर खर्च होई. अडलेली माणसे थेट कचेरीत येत आणि तो गाजावाजा न करता त्यांच्या हातावर काही ठेवी. सुमारे वीस वर्षांच्या नोकरीत आजारपणाची रजा त्याला ठाऊक नव्हती. जानेवारी १९२९ मध्ये शस्त्रक्रियेसाठी तो इस्पितळात गेला आणि ३ फेब्रुवारीच्या रविवारी, एक्कावन्नाव्या वर्षी, वारला.

१९४६ मध्ये टेलिफोनच्या वर्दळीच्या एककाला त्याचे नाव मिळाले. एक तार तासभर गुंतली की एक अर्लांग. दारी आलेल्याला ताटकळत न ठेवणाऱ्या माणसाच्या नावाने जग आज आपली गर्दी मोजते!