पंडिता रमाबाई : ज्यांनी बायबल वाचलं, मानलं आणि शेवटच्या दिवसापर्यंत मराठीत आणलं

पुण्याहून सोलापूरकडे रेल्वेने निघालात, तर दौंडच्या अलीकडे केडगाव नावाचं छोटं स्टेशन लागतं. शंभर वर्षांपूर्वी या गावातल्या एका छापखान्यात बायका शिशाचे खिळे जुळवत होत्या. कुणी दुष्काळात अनाथ झालेली, कुणी लहानपणीच विधवा झालेली. ज्यांना अक्षर शिकवायलाही कुणी तयार नव्हतं, अशा बायका इथे अख्खं बायबल छापत होत्या. त्याचा मराठी अनुवाद करणारी व्यक्तीही एक बाईच होती, पंडिता रमाबाई.

रमाबाईंचं नाव आपण शाळेत वाचलेलं असतं. शारदा सदन, मुक्ती मिशन, विधवांचं शिक्षण एवढं लक्षात राहतं. त्या ख्रिस्ती झाल्या हे आपण एका ओळीत उरकतो, कारण तो विषय आजही थोडा अवघड वाटतो. पण त्यांचं आयुष्य समजून घ्यायचं तर हीच ओळ नीट उलगडावी लागते.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, कर्नाटकातल्या सह्याद्रीत गंगामूळ इथला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून धर्मपंडितांपुढे त्यांना आपली बाजू मांडावी लागली होती. पुढे हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत हिंडलं. रमाबाई आईकडून संस्कृत शिकल्या आणि भागवताचे हजारो श्लोक त्यांना तोंडपाठ झाले. मग दुष्काळ आला. १८७४ पासून काही काळातच आई, वडील आणि थोरली बहीण गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले.

कलकत्त्यात त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळाल्या. बायबलशी पहिली गाठही तिथेच पडली आणि ती जराशी गमतीची होती. एका ख्रिस्ती मेळाव्याचं आमंत्रण आलं. लोक खुर्च्यांसमोर गुडघे टेकून डोळे मिटून बसलेले पाहून या बहीणभावाला वाटलं की हे खुर्च्यांचीच पूजा करतायत! भेट म्हणून संस्कृत बायबल मिळालं, पण त्यातलं संस्कृत त्यांना विचित्र वाटलं आणि पुस्तक बाजूला पडलं.

त्याच सुमारास केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेद वाचायला सुचवलं. बाईने वेद वाचू नयेत असं ऐकत वाढलेल्या रमाबाईंनी वेद वाचले, मग धर्मशास्त्रं वाचली. बाईला स्वतःच्या बळावर मोक्ष नाही, या मुद्द्यावर सगळी शास्त्रं एक झालेली त्यांना दिसली. त्यांची श्रद्धा ढासळली ती इथे. लोक धर्मांतराची गोष्ट मिशनऱ्यांपासून सुरू करतात, पण रमाबाईंच्या बाबतीत सुरुवात आधीच झाली होती.

१८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. जात वेगळी, त्यामुळे लग्न नोंदणी पद्धतीने झालं. सिल्चरच्या घरात लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत त्यांच्या हाताला लागली. ती वाचून ख्रिस्ती धर्माविषयी त्यांची ओढ वाढली, नवऱ्याला मात्र ते फारसं रुचलं नाही. पण तो वाद वाढण्याआधीच, फेब्रुवारी १८८२ मध्ये मेधावी कॉलऱ्याने गेले. चोविसाव्या वर्षाच्या आत रमाबाई विधवा झाल्या होत्या आणि कडेवर लहानगी मनोरमा होती.

त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला आणि १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायचं होतं, पण कानांनी साथ दिली नाही, ऐकू कमी येत होतं. वाँटेज इथल्या ख्रिस्ती भगिनींकडे त्या राहिल्या. या भगिनींचं लंडनच्या फुलहॅम भागात एक घर होतं. समाजाने टाकून दिलेल्या बायकांना तिथे आसरा आणि काम मिळत असे. रमाबाईंनी ते पाहिलं आणि त्या थक्क झाल्या, कारण अशा बायकांना शिक्षा करणारा धर्म त्यांना माहीत होता, जवळ घेणारा नव्हता. हे तुम्ही का करता, या प्रश्नावर त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट सांगण्यात आली. परक्या जातीची, बदनाम बाई विहिरीवर येते आणि येशू तिच्याशी उपासनेवर बोलतो. शिवाय नीलकंठशास्त्री गोरे यांच्या लेखनाने त्यांच्या शंका बऱ्याच फिटल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी आणि मनोरमाने बाप्तिस्मा घेतला.

महाराष्ट्रात टीकेचा भडका उडाला. मुद्दा असा की, चर्चमधल्या मंडळींनाही त्या फार सुखाने पचल्या नाहीत. त्रैक्याचा सिद्धांत बायबलमध्ये स्पष्ट दाखवा, मग मानते, असा त्यांचा हट्ट. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, हा दुसरा प्रश्न. पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवू नये असं भारतातल्या बिशपांचं मत पडलं, तेव्हा त्या खवळल्या. त्यांची धर्ममाता सिस्टर जेराल्डिन पत्रांतून त्यांना नम्रता शिकवत राहिली. रमाबाईंचं म्हणणं थोडक्यात असं होतं की एका पुरोहितवर्गाच्या हाताखालून सुटले ते दुसऱ्याच्या हाताखाली जायला नाही. देवाचं वचन मानेन, पण ते स्वतः वाचून.

मला विचाराल तर त्यांच्या श्रद्धेतली सगळ्यात रंजक गोष्ट हीच आहे. आज्ञाधारकपणा आणि बंडखोरी आपण विरुद्ध टोकांना ठेवतो, रमाबाईंकडे दोन्ही एकाच जागेवरून येतात.

अमेरिकेचा दौरा करून, मदत उभी करून त्या १८८९ मध्ये परतल्या आणि मुंबईत शारदा सदन सुरू केलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं. इथे धर्म शिकवला जाणार नाही, असं ठरलेलं होतं. पण १८९१ च्या सुमारास रमाबाईंच्या मनात मोठी उलथापालथ झाली. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला पण ख्रिस्त आपल्याला भेटलाच नाही, असं त्यांना जाणवलं. बुद्धीने पटलेलं आता आतून मान्य झालं. त्या रोज खोलीचं दार उघडं ठेवून प्रार्थना करू लागल्या आणि काही मुली येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, 'केसरी'ने झोड उठवली, पालकांनी मुली काढून नेल्या.

चूक कुणाची? रमाबाईंचं म्हणणं होतं की मी कुणाला बोलावत नाही आणि कुणाला हाकलणारही नाही. पण आश्रयाला आलेल्या दहाबारा वर्षांच्या मुलीसाठी बाईंचं उघडं दार हेसुद्धा एक आमंत्रणच असतं. सुधारकांची तक्रार अगदीच पोकळ नव्हती. रमाबाईंनी मात्र दार बंद केलं नाही.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. लहानपणी भूक पाहिलेल्या रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो मुली, बायका घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगावला जमीन होती, तिथे मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातून आणखी आल्या आणि संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना अशी कामं बायकाच करत.

या मुलींना बायबल वाचायला द्यावं तर तेव्हाच्या मराठी बायबलची भाषा फार संस्कृतप्रचुर होती. त्यातल्या काही शब्दांना हिंदू तत्त्वज्ञानाचे अर्थ चिकटलेले आहेत, अशीही रमाबाईंची तक्रार होती. गंमत बघा, संस्कृतवर ज्यांचा एवढा हात, त्याच बाई संस्कृत शब्द गाळायला बसल्या. त्यासाठी पन्नाशीच्या आसपास हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. १९०५ च्या आगेमागे काम सुरू झालं ते पुढे सतरा-अठरा वर्षं चाललं. मूळ शब्दाला धरून राहण्याच्या आग्रहामुळे हे मराठी काही ठिकाणी अडखळतं आणि चर्चमध्ये ते सर्रास रुळलं नाही, हेही खरं.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. मुक्तीची पुढची सगळी आशा तिच्यावर होती. रमाबाई त्यानंतरही मुद्रितं तपासत राहिल्या. काम पुरं व्हायला देवाकडे त्यांनी दहा दिवस मागितले आणि तेवढेच मिळाले, अशी आठवण सांगितली जाते. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. चौसष्टावा वाढदिवस अठरा दिवसांवर होता. केडगावच्या छापखान्यातून संपूर्ण बायबल बाहेर पडलं ते १९२४ मध्ये.