हायगेन्स यांची दातेरी चाके

डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स यांचा जन्म १६२९ साली हेग येथे झाला. शनीचा उपग्रह टायटन त्यांनी १६५५ मध्ये शोधला. पुढच्या वर्षी लंबकाचे घड्याळ साधले. प्रकृती मात्र नाजूक. १६८१ मध्ये आजारपणामुळे पॅरिस सोडून ते हेगला परतले. तेथील घड्याळजीकडून १६८२ मध्ये त्यांनी ग्रहमालेचे यंत्र करवून घेतले.

अडचण शनीची होती. पृथ्वी आणि शनी यांच्या गतींचे गुणोत्तर ७,७७,०८,४३१ भागिले २६,४०,८५८. इतके दाते चाकाला पाडणार कसे? हायगेन्स यांनी पूर्णांक २९ वेगळा काढला, उरलेला अपूर्णांक उलटा केला आणि पुन्हा तेच केले. अपूर्णांकाच्या पोटात अपूर्णांक अशा या साखळीतून २९, ५९/२, १४७/५ आणि मग २०६/७ मिळाले. २०६ आणि ७ दात्यांची चाके पुरली. शनीच्या सुमारे साडेएकोणतीस वर्षांच्या फेरीत फरक जेमतेम एका दिवसाचा.

१६९५ मध्ये त्यांचे निधन झाले. यंत्राचे वर्णन १७०३ मध्ये छापले गेले. संगणकात ०.१ ही साधी संख्याही नेमकी साठत नाही. ती १/१० आहे हे ओळखायला प्रोग्रॅमर आजही हीच रीत वापरतात.