कवितेतले स्वर मोजणारा मार्कोव्ह मेंदूच्या स्कॅनपर्यंत कसा पोचला?

जुन्या टीव्हीवर मुंग्या यायच्या, आठवतं? मेंदूच्या एमआरआयमध्येही तशाच बारीक मुंग्या असतात. ग्रे मॅटर कुठे संपतं आणि व्हाइट मॅटर कुठे सुरू होतं, हे ठरवताना कॉम्प्युटर त्यांना फसतो. त्यातून वाट काढणाऱ्या गणिताचं मूळ शंभर वर्षांपूर्वीच्या एका तापट रशियन माणसाकडे जातं. आंद्रेई मार्कोव्ह.

जन्म १८५६, गाव रियाझान. गुडघ्याच्या दुखण्यामुळे लहानपणी कुबड्या घेऊन चालायचा. सेंट पीटर्सबर्गला चेबिशेव्हच्या हाताखाली शिकला, पुढे तिथेच प्राध्यापक झाला. भांडायला मात्र कायम तयार. गॉर्कीची अकादमीतली निवड रद्द झाली, हा विरोधात उभा. १९१२ मध्ये तर त्याने मला धर्मातून काढा असा अर्जच चर्चकडे केला!

सगळ्यात कामाचं भांडण झालं ते मॉस्कोच्या नेक्रासोव्हशी. नेक्रासोव्हचं म्हणणं, सरासरीचा नियम फक्त एकमेकांशी संबंध नसलेल्या घटनांनाच लागू होतो. त्यावरून तो थेट माणसाच्या इच्छास्वातंत्र्यापर्यंत पोचला. मार्कोव्ह भडकला. एकमेकांवर अवलंबून असलेल्या घटनांनाही तो नियम लागू होऊ शकतो, हे त्याने १९०६ मध्ये सिद्ध केलं.

१९१३ मध्ये त्याने पुश्किनच्या ‘येवगेनी अनेगिन’मधली २०,००० अक्षरं घेतली आणि हाताने मोजली. स्वर निघाले ८,६३८. स्वरानंतर पुन्हा स्वर येण्याची शक्यता सुमारे १३ टक्के, व्यंजनानंतर मात्र ६६ टक्के. म्हणजे पुढचं अक्षर आधीच्यावर ठरतं.

क्रांतीच्या धामधुमीत तो झारायस्क या छोट्या गावात बिनपगारी गणित शिकवत होता. १९२२ मध्ये गेला. एमआरआयचं पहिलं चित्र यायला तेव्हा पन्नासेक वर्षं होती.

अक्षरं एका ओळीत असतात, स्कॅनचे ठिपके चारी बाजूंना. पुढच्या गणितज्ञांनी मार्कोव्हची कल्पना ओळीतून जाळीत नेली. आजूबाजूचे सगळे ठिपके व्हाइट मॅटरचे असतील आणि मधलाच एक काळपट दिसत असेल, तर ती बहुधा मुंगी. ऑक्सफर्डच्या झांग, ब्रॅडी आणि स्मिथ यांनी २००१ मध्ये याच तत्त्वावर मेंदूचे भाग वेगळे करण्याची पद्धत मांडली. ती आजही वापरात आहे.

पण शेजाऱ्यांचं जास्त ऐकलं तर घोळ होतो. मेंदूवरचा ग्रे मॅटरचा थर जेमतेम २ ते ४ मिलिमीटर जाड. त्याच्या बारीक घड्या, किंवा आजाराचा एखादा इवलासा खरा डागही मुंगी समजून पुसला जाऊ शकतो. म्हणून शेजाऱ्यांना किती वजन द्यायचं, तो आकडा सॉफ्टवेअरमध्ये बदलता येतो.